चौथा माणूस

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी रत्नागिरीजवळच्या एका खासगी प्रयोगशाळेत चार वर्षं काम करते. निर्यातीच्या कोळंबीत आणि मासळीत प्रतिजैविकांचे अंश आहेत का, ते एलसी-एमएस-एमएसवर, म्हणजे पदार्थ वेगळे करून त्यांच्या रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर तपासायचं, हे माझं काम. हे यंत्र चालवणारी आमच्याकडे मी एकटीच. आमचे जुने सर निवृत्त होताना म्हणाले, ‘मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या, म्हणजे आपल्या यंत्रविद्येच्या संस्थेची आजीव सभासद हो, परिसंवादाला जा, पोस्टर लाव.’ घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, पैसे भरून कागद कशाला आणायचा, त्यापेक्षा पावसाआधी पडवीला पत्रे घालून घे. मालक म्हणतात, स्वतःच्या रजेवर आणि स्वतःच्या खर्चाने जा, पण तिथे आपलं काही बोलायचं नाही. मलाही भीती वाटते. तिथे सगळे भाभावाले, आयआयटीवाले, फाडफाड इंग्रजी बोलणारे. मला कोण विचारणार?

आणखी एक. गेल्या महिन्यात एका तळ्यावरच्या कोळंबीत सेमिकार्बाझाइड, म्हणजे नायट्रोफ्युराझोन या औषधाचा अंश, किलोला ०.६ मायक्रोग्रॅम आलं. पुन्हा केलं तर ०.७. त्याच जातीच्या औषधांचे बाकीचे तिन्ही अंश काहीच नाहीत. तळेवाला शपथा घेऊन सांगतोय की औषध घातलेलं नाही. मालक म्हणतात यंत्र बघून घ्या. यंत्रवाले म्हणतात कॉलम (यंत्रातली पदार्थ वेगळे करणारी नळी) बदला. सर आता गावी गेले. मी विचारू कुणाला?

– एक वाचक, रत्नागिरी

सल्ला

तुला अगंतुगं करते, राग मानू नकोस. मीही याच किनाऱ्यावर तीस वर्षं पांढरा कोट घालून काढली आहेत आणि तू जिथे एकटी बसतेस, तिथेच मीही एकटी बसत होते.

‘आणखी एक’ म्हणून तू जे शेवटी लिहिलंस, ते मी आधी घेते. सभासद व्हावं की नाही याचं उत्तर त्यातच आहे.

०.६ चा आकडा घेऊन तू कुणाकडे गेलीस ते बघ. मालकांकडे गेलीस, त्यांना माल पुढे जायला हवा आहे. यंत्रवाल्याकडे गेलीस, त्याला कॉलम विकायचा आहे. तळेवाल्याचं तर वर्षभराचं पोट त्या आकड्यावर आहे. तिघंही वाईट माणसं नाहीत, पण तिघांचंही काही ना काही त्या आकड्यात अडकलेलं आहे. तुला चौथा माणूस हवा आहे. ज्याला तुझं काम कळतं, पण तुझ्या आकड्यातून ज्याला काही मिळायचं नाही आणि ज्याचं काही जायचंही नाही, असा. मुंबईच्या एखाद्या मोठ्या संशोधन केंद्रात असा माणूस शेजारच्या टेबलावर बसलेला असतो. आपल्याकडे त्याला शोधत जावं लागतं, आणि तो जिथे सापडतो त्या जागेला संस्था म्हणतात.

माझी गोष्ट सांगते, कारण ती थेट तुझ्या तळ्याशी जोडलेली आहे. बरीच वर्षं झाली. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, व्यापारी जिला स्कॅम्पी म्हणतात, ती माझ्याकडे तपासणीला आली होती. सेमिकार्बाझाइड निघालं. मी तीनदा केलं, तिन्ही वेळा निघालं. मी अहवाल दिला, माल अडकला आणि ज्याचं तळं होतं त्या माणसाने पुढच्या वर्षी बी सोडलंच नाही. माझ्या आकड्यात चूक नव्हती. सेमिकार्बाझाइड खरंच होतं. त्यानंतर काही महिन्यांनी मी पहिल्यांदा एका परिसंवादाला गेले. चहाच्या रांगेत पूर्व किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेतल्या बाई भेटल्या. मी त्यांना हे सगळं सांगत होते आणि त्यांनी मध्येच विचारलं, ‘सोलून घेतली होती का?’

सोलली नव्हती. कवचासकट मिक्सरला लावली होती.

तुला एव्हाना उलगडलं असेल, तरी इतर वाचकांसाठी सांगते. नायट्रोफ्युरान ही प्रतिजैविकांची एक जात. प्राण्यांच्या शरीरात ती काही तासांतच मोडते, म्हणून मूळ औषध शोधून हाती काही लागत नाही. तिचे मोडलेले तुकडे मात्र मांसातल्या प्रथिनांना आठवडेच्या आठवडे चिकटून राहतात. चार औषधांचे चार तुकडे. ते आम्लाने सोडवायचे, नायट्रोबेन्झाल्डिहाइडबरोबर ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचे आणि सकाळी यंत्रावर चढवायचे. त्या चारांतला सेमिकार्बाझाइड हा नायट्रोफ्युराझोनचा तुकडा. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२२ पासून या चौघांसाठी कारवाईची मर्यादा किलोला १ मायक्रोग्रॅमवरून ०.५ वर आणली. म्हणजे हजार टन कोळंबीत अर्धा ग्रॅम. अडचण अशी की बाकीच्या तिघांसारखा सेमिकार्बाझाइड भरवशाचा साक्षीदार नाही. कोळंबी-खेकड्यांच्या कवचात तो औषधाशिवायही सापडतो, आणि गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीत तर ठळकपणे. हायपोक्लोराइटने निर्जंतुक केलेल्या काही पदार्थांत तो तयार होतो. २००३ च्या सुमारास युरोपात बरण्यांच्या झाकणांतल्या फुगवलेल्या प्लास्टिकच्या चकतीतून तो लहान मुलांच्या खाण्यात उतरल्याचं आढळलं होतं. तिथेही कुणी औषध घातलं नव्हतं.

हे मी पुस्तकात वाचायला हवं होतं, असं तू म्हणशील. बरोबर आहे. पण मला काय वाचायला हवं हेच माहीत नव्हतं. ते सांगायला त्या बाई भेटाव्या लागल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे आजही लिहिताना घशाशी येतं.

आता तुझं. तुझा तळेवाला निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. नायट्रोफ्युराझोन घातलं तरी एकटं सेमिकार्बाझाइडच येईल. मात्र कॉलम बदलून हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. चौघांचेही जड समस्थानिकांचे अंतर्गत मानक, म्हणजे तुलनेसाठी मोजून घातलेली त्यांचीच जड जुळी रूपं, तू घालत असशीलच. आलेखावरचे त्यांचे उंचवटे जागच्या जागी आणि नीट येत असतील, तर कॉलमला दोष देऊन उपयोग नाही. आकडा खाली येईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवू नकोस, आणि कुणी तसं सुचवलं तर स्पष्ट नाही म्हण. आधी केलेल्या दोन्ही फेऱ्यांची नोंद जशीच्या तशी राहू दे. राखून ठेवलेल्या नमुन्यातली कोळंबी सोल, डोकं-पाय काढ, कवचाचा तुकडाही राहणार नाही असं बघ. नुसतं मांस वेगळं तपास, नुसतं कवच वेगळं. कोळंबी कुठली, गोड्या पाण्यातली की खाऱ्या, ते नोंदवहीत लिही; तुझ्या पत्रात ते नाही. त्याच राखीव नमुन्याचा दुसरा भाग एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता असलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायला मालकांना सांग. यात त्यांचाच फायदा आहे, कारण उद्या बंदरावर माल परत आला तर त्यांच्या हातात दोन ठिकाणचे कागद असतील. यानंतर जे निघेल ते निघेल, आणि मग त्याखाली निःशंकपणे सही कर.

आता संस्थेकडे वळते. तुझ्या सरांनी सांगितलेली संस्था म्हणजे इंडियन सोसायटी फॉर मास स्पेक्ट्रोमेट्री, लोक तिला ‘इस्मास’ म्हणतात. स्थापना १९७८ ची, मुख्यालय ट्रॉम्ब्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात. ते तिथेच असण्याला कारण आहे. अणुइंधनात कुठला समस्थानिक किती आहे, हे मोजायला मास स्पेक्ट्रोमीटरशिवाय गत्यंतर नाही, आणि भाभामधल्या लोकांनी ही यंत्रं स्वतः बांधली होती. आज त्या छताखाली खडकांचं वय काढणारे भूवैज्ञानिक येतात, औषध कंपन्यांतले येतात, प्रथिनांवर काम करणारे येतात आणि तुझ्यासारखे अंश तपासणारेही येतात. क्रोमॅटोग्राफीची, विद्युत-विश्लेषणाची अशा आणखीही संस्था मुंबईत आहेत. तुझ्या यंत्राला तुझे सर म्हणतात तीच जवळची.

भाभावाले, आयआयटीवाले म्हणून तू दचकतेस. मग या विद्येच्या संस्था मुळात कुणी काढल्या ते ऐक. अमेरिकेतली मास स्पेक्ट्रोमेट्रीची संस्था १९६९ मध्ये स्वतंत्रपणे उभी राहिली. त्याआधी १९५० च्या दशकापासून तिथले लोक एका मानकं ठरवणाऱ्या मंडळाच्या समितीत जमत होते. त्यांत तेल कंपन्यांतले केमिस्ट पुष्कळ, कारण पेट्रोलात कुठला हायड्रोकार्बन किती, हे रोजच्या रोज मोजण्यासाठी या यंत्राचा मोठा वापर सुरू केला तो त्यांनीच. रोज नमुने, रोज आकडे, आणि तुझा आकडा माझ्या आकड्याशी का जुळत नाही यावर वाद. तुझंच काम की! प्राध्यापकांच्या घरी तू पाहुणी म्हणून चाललेली नाहीस.

दुसरं नाव कोइची तानाका यांचं. इलेक्ट्रिकल इंजिनिअर, डॉक्टरेट नाही, क्योटोच्या शिमाझू कंपनीत १९८३ पासून नोकरीला. प्रथिनांसारखे मोठे रेणू न तुटता हवेत कसे उडवायचे, यावर त्यांचा गट काम करत होता. १९८५ मध्ये एकदा त्यांच्या हातून कोबाल्टच्या बारीक भुकटीत चुकून ग्लिसरीन पडलं. भुकटी महागाची, टाकून द्यायला मन होईना, म्हणून तसंच मिश्रण यंत्रात घातलं आणि जो संकेत कधी मिळत नव्हता तो मिळाला. पुढे काय झालं ते तुझ्यासाठी महत्त्वाचं आहे. हे काम त्यांनी १९८७ च्या मे महिन्यात क्योटोला मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या वार्षिक परिषदेत मांडलं. त्याच वर्षी जपान-चीनच्या संयुक्त परिसंवादात ते परदेशी शास्त्रज्ञांनी पाहिलं आणि त्यांच्यामार्फत बाहेर गेलं. इंग्रजीतला लेख आला १९८८ मध्ये. २००२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा ते ४३ वर्षांचे होते आणि त्याच कंपनीत नोकरी करत होते. अशा परिषदा नसत्या तर ते काम कंपनीच्या कपाटात किती काळ पडून राहिलं असतं, सांगता येत नाही. तुला नोबेल मिळावं म्हणून हे सांगत नाही. ‘कुठल्या इन्स्टिट्यूटच्या?’ असं कुणी विचारलं तर कंपनीचं नाव घ्यायला मान खाली घालू नकोस, एवढ्यासाठी सांगते आहे.

इंग्रजीचा बाऊ करू नकोस. पोस्टर लावणं म्हणजे भाषण नसतं. तू आपल्या कागदाशेजारी उभी राहायचंस, लोक येतात, आलेख बघतात, बोट ठेवून विचारतात. आलेख तुझा असेल तर उत्तर तोंडातून येतंच. ट्रॉम्ब्याच्या त्या आवारात मराठीही भरपूर कानावर पडते.

पैशांचं म्हणशील तर मी सासूबाईंच्या बाजूने आहे. पत्रे आधी घाल. आजीव सभासदत्व कुठे पळून जात नाही. पहिल्यांदा सभासद न होता नुसती एखाद्या कार्यशाळेला जा, तीही यंत्रावर हात ठेवू देणारी असेल तर उत्तम. जून-जुलैत मासेमारी बंद असते, समुद्रातल्या मासळीचे नमुने कमी असतात, त्या दिवसांत काही निघालं तर रजा मिळायला सोपं. रात्रीची कोकणकन्या पकडलीस तर सकाळी मुंबईत, आणि ट्रॉम्ब्याजवळच्या मानखुर्दला हार्बर लाइनने जाता येतं. तिथे दोन दिवस बस, ऐक, चार माणसांशी बोल. परत आल्यावर त्यांतल्या एकाला तरी फोन करून प्रश्न विचारावासा वाटला, तर पैसे भर. नाही वाटलं तर भरू नकोस, आणि त्याची खंतही करू नकोस. भिंतीवर लावायला प्रमाणपत्र हवं म्हणून मात्र एक रुपयाही देऊ नकोस. हल्ली कुणीही उठून मोठ्या नावाची परिषद भरवतो आणि पैसे घेऊन पुरस्कार देतो, तशी आमंत्रणं तुलाही येत असतील. खरी संस्था ओळखायची खूण साधी आहे. तिची कार्यकारिणी सभासद निवडून देतात, दरवर्षी सर्वसाधारण सभा होते आणि हिशेब सभासदांपुढे ठेवला जातो. हे विचारायला लाजू नकोस. आपल्याकडची मच्छीमार सोसायटी सभासदांना हिशेब देते, मग शास्त्रज्ञांच्या संस्थेने का देऊ नये?

मालकांना चोरून जाऊ नकोस. रजेच्या अर्जात कुठे जाते आहेस ते लिही. त्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. ग्राहकाचं नाव, कुठल्या देशाचा माल, कुठल्या बॅचमध्ये काय निघालं, हे तुझं नाही, ते तिथे तोंडातून निघता कामा नये. पण कोळंबीच्या अर्कात यंत्राचा संकेत किती दबतो आणि सोलल्यावर आकडा किती बदलतो, हे कुणा एकाचं गुपित नाही. त्यासाठी ग्राहकाचा नमुनाही लागत नाही. मिरकरवाड्यावर जा, स्वतःच्या पैशांनी शेरभर कोळंबी घे, तिच्यात काही नाही याची खात्री कर आणि तिच्यातच सेमिकार्बाझाइड मोजून मापून मिसळ. गोड्या पाण्यातली, खाऱ्या पाण्यातली, सोललेली, न सोललेली. यंत्र वापरायची परवानगी मात्र लेखी घे, आणि पोस्टरवर मालकांचंही नाव घाल. मान्यतेच्या तपासणीला एनएबीएलचे लोक येतात तेव्हा कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची फाइल मागतात, हे मालकांना माहीत आहे. त्या फाइलमध्ये तुझं पोस्टर जाईल असं सांगून बघ. पुढच्या वेळी प्रवासखर्चही निघेल अशी मला आशा आहे.

या संस्थांबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मी त्यांच्या सभांतही मांडली आहे. उद्घाटनं, सत्कार आणि आभार यांत अर्धी सकाळ जाते, आणि लांबून प्रवास करून आलेल्या मुलीच्या पोस्टरपुढे थांबायला मोठ्या माणसांना दहा मिनिटं मिळत नाहीत. कार्यशाळाही बहुतेक मोठ्या शहरांत. इथे शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, लोटे आणि महाडला एवढे रासायनिक कारखाने आहेत. एक कार्यशाळा रत्नागिरीत झाली तर खुर्च्या कमी पडतील. तू सभासद झालीस की हे मागायचा तुला हक्क मिळतो. सभासद व्हायला माझ्या मते हे सगळ्यात चांगलं कारण आहे.

तोवर हात बांधून बसायची गरज नाही. लोट्याच्या औषध कारखान्यांत तुझ्यासारखी यंत्रं चालवणारी पोरं-पोरी आहेत. त्यांचा पदार्थ वेगळा, पण दबणारा संकेत, तुंबणारा सोर्स आणि वीज गेल्यावर सुटणारा व्हॅक्यूम सगळ्यांचा सारखाच. महिन्यातून एका रविवारी चिपळूणला पाच जण भेटलात आणि प्रत्येकाने न जुळलेला एक आलेख आणला, तरी पुष्कळ झालं. मी हाक मारली की येईन. मला आता कुणाचा पगार नाही आणि कुणाला काही विकायचंही नाही.

सोललेल्या कोळंबीचा आकडा आला की कळव. आणि ट्रॉम्ब्याला जाशील तेव्हा दोन्ही आलेख छापून पिशवीत ठेव, मांसाचा वेगळा, कवचाचा वेगळा. चहाच्या रांगेत ते हातात असू देत.